दोन दारांचं कांडप

परदेशातून आलेला मुलगा आधी आईच्या पाया पडतो. आमच्या राजदीपने आधी माझी साडी बघितली.

"आई, उद्या ही नेसू नकोस. आजीची हिरवी नऊवारी आहे ना पेटीत? ती काढ. फोटोत बरी दिसते."

मी जन्मात नऊवारी नेसले नाही. ती माझ्या सासूची. सासू गेली, तिची पेटी राहिली, ती आता राजदीपच्या घरात. हातात पाण्याचा तांब्या घेऊन मी दारात उभी, अन् हा माझ्याभोवती फिरून बघतोय, आठवडे बाजारात शेळी बघतात तसा. मी तांब्या त्याच्या हातात दिला नाही, खाली आपटला.

धुळ्याला देवपुरात त्याचा फ्लॅट आहे. सूनबाई साक्षी तिथे असते, बँकेत जाते. मला गावाहून मुद्दाम बोलावून घेतलं. मला वाटलं सुट्टीवर आलाय, आईच्या हातचं खावंसं वाटलं असेल. कशाचं काय! माझ्याकडून पाठ करून घ्यायचं होतं. साठी उलटलेल्या बाईकडून, जी तिसरीत शाळा सोडून कपाशी वेचायला गेली, तिच्याकडून हा धडा पाठ करून घेणार होता. अन् धडा कसला, तर माझ्याच आयुष्याचा.

राजदीप काय करतो ते विचारलं की मला आधी सांगता यायचं नाही. लोक घराचा आराखडा करतात, शेताच्या बांधाचा करतात. हा देशाचा करतो. देश आफ्रिकेत, दक्षिण सुदान. तिथे आपसात लढाया झाल्या, अजून मधूनमधून होतात, माणसं घरं सोडून छावण्यांत राहतात, खायची मारामार. तिथे रस्ता कुठून न्यायचा, दवाखाना कुठे बांधायचा, गिरणी कुठे बसवायची, हे राजदीप आणि त्याच्यासारखे आणखी काही जण खुर्चीत बसून ठरवतात. दुसऱ्या देशांतली श्रीमंत माणसं पैसे देतात. गावात मी ताठ मानेने सांगायचे, माझा मुलगा देश उभा करतोय. भीमजयंतीला विहारात त्याचा सत्कार झाला तेव्हा मी पुढच्या खुर्चीत बसले होते. ते आठवलं की आता कानशिलं तापतात.

त्याने लॅपटॉप उघडला आणि फोटो दाखवला. आमचं कांडप. मधोमध मी, माझ्याशेजारी मेहरुन, माझा हात मेहरुनच्या खांद्यावर. तो हात राजदीपनेच उचलून तिथे ठेवला होता; तो गेल्या गेल्या मी साबणाने धुतला. आजूबाजूला आमच्या बायका, त्यांच्या बायका, सरमिसळ. सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी.

"खाली काय लिहिलंय?" मी विचारलं.

साक्षीने वाचलं. "'जुनं वैर विसरून एका छताखाली बसलेल्या मातांच्या डोळ्यांत आनंदाश्रू.'"

"ती मिरची होती."

"आई!"

"मिरचीच्या कांडपात मशीन चालू ठेवून तू बायका दाटीवाटीने बसवल्यास. पाणी येणार नाही तर काय येणार?"

साक्षीला हसू आलं, तिने ते पदरात लपवलं. राजदीपला नाही आलं.

आता हे कांडप काय ते सांगितलं पाहिजे. आमचं गाव धरणगावकडचं, कपाशीच्या रानातलं. आमची वस्ती आणि मेहरुनचा मोहल्ला, मधे एक गल्ली आणि एक गटार. एका पावसाळ्यात ते गटार तुंबलं. पाणी कुणाच्या दारात जायचं यावरून आधी बायका भांडल्या. त्यात मी होते आणि मेहरुन होती, कारण गावात सगळ्यात मोठे आवाज आमचे दोघींचेच. मग पोरं भांडली. मग दगड आले. माझ्या दिराचा गिरधर, त्याचा डावा डोळा गेला. मेहरुनचं मिरचीचं दुकान जळालं, वर्षाचा माल आत होता. दगड कुणी मारला ते मला माहीत आहे, मेहरुनला माहीत आहे. काडी कुणी लावली तेही दोघींना माहीत आहे. कोर्टात मात्र कुणालाच काही माहीत नव्हतं.

त्यानंतर गल्ली ओलांडून कुणी कुणाकडे गेलं नाही. आणि त्याच साली, सरकारचीही काय वेळ, गावाला बचत गटांच्या नावाने कांडपाचं मशीन मंजूर झालं. गट दोन, मशीन एक. ग्रामसेवक म्हणाला, एकत्र बसा. मी म्हणाले, तुझ्या डोक्यावर बसते.

मशीन ठेवलं जुन्या कोंडवाड्यात, जिथे पूर्वी मोकाट गुरं कोंडायचे. तो बरोबर गल्लीच्या तोंडावर. दार एकच, आमच्या बाजूला. मेहरुन म्हणाली, मी यांच्या वस्तीतून पाऊल टाकणार नाही. तिचं बरोबर होतं, मीही टाकलं नसतं. मग मागची भिंत फोडून मोहल्ल्याकडे दुसरं दार काढलं. तेव्हा पुण्याहून सुट्टीवर आलेला राजदीप स्वतः पहार घेऊन उभा होता. सकाळी त्या, दुपारनंतर आम्ही. त्यांचं लाल तिखट, आमचा काळा मसाला. मशीनच्या कुलपाची चावी हातात द्यायची नाही, गल्लीतल्या कट्ट्यावर ठेवायची. ठेवणारी वळणाआड जाईपर्यंत घेणारीने पुढे यायचं नाही. जाताना मशीनचं तोंड पुसायचं, कारण आमचं खोबरं त्यांच्या तिखटात गेलं तर त्यांचं गिऱ्हाईक बोंबलतं. दोन्हीकडच्या बायका टपलेल्या, समोरची कुठे चुकते ते पकडायला. म्हणून ते मशीन आजही नव्या नवरीसारखं चकचकीत आहे. तालुक्यातली बाकीची गंजून पडली.

मेहरुन आणि मी एकमेकींशी बोलत नाही. कधी मेस्त्री आला की दोघींना थांबावं लागतं. तेव्हा काही सांगायचंच असलं तर मशीनला सांगतो. ती म्हणणार, "मशीन वं, कालना काया मसाला तुना तोंडमा तसाच शे. तुले कोणी पुसं नही का?" मी म्हणणार, "मशीन, तिले सांग, डोया तपासी ये जळगावले." मेस्त्री बिचारा खाली मान घालून नट आवळतो.

असं आमचं चाललंय. चांगलं चाललंय. प्रेम नाही, दगडही नाही.

"तर उद्या पाहुणी येणार आहे," राजदीप म्हणाला. "अचोल नाव. तिकडची आहे, छावणीतली. ती विचारेल, तुम्ही एकत्र कशा बसायला लागलात. तू सांगायचं, आधी भीती वाटली, मग एकमेकींचं दुःख कळलं, मग आम्ही एका ताटात जेवायला लागलो."

"मेहरुनच्या ताटात? मी?"

"म्हणायचं फक्त."

"आम्ही एकत्र कधी बसलो?"

"फोटोत बसलात की."

"तो तू बसवलास. आठवण म्हणून ठेवतो म्हणालास. तुला दोन दारं माहीत नाहीत? पहार कुणाच्या हातात होती?"

त्याने लॅपटॉप मिटला. समजावणीचा आवाज काढला. हा आवाज तो तिकडेच कुठेतरी शिकलाय, लहानपणी नव्हता. "आई, ऐक. पैसे देणारे लोक वेगळे असतात. त्यांना सांगितलं, दोन दारं, दोन वेळा, चावी कट्ट्यावर, तर म्हणतील ही तर कायमची फूट पाडली तुम्ही. एक रुपया सुटणार नाही. 'एकत्र' म्हटलं की सुटतो. पैसे आले की गिरणी होते, गिरणी झाली की पीठ होतं, पीठ झालं की पोरं जेवतात. मधे एक फोटो थोडा गोड केला. कुणाचं काय गेलं?"

खरं सांगते, क्षणभर मलाही पटलं. बोलणं त्याचं फार गुळगुळीत.

"तिकडच्या गिरणीला दारं किती?" मी विचारलं.

"एक."

"अन् बायका?"

"दोन्हीकडच्या. आठवड्यातून एक दिवस सगळ्या एकदम येतील. बसतील, बोलतील. तीच तर कल्पना आहे."

"येतील कुठून?"

"एका बाजूचं गाव गिरणीच्या जवळ. दुसऱ्या बाजूची छावणी नदीपलीकडे. अचोलची."

"कुणी कुणाची माणसं मारली?"

"दोघांनी दोघांची. म्हणून तर, आई!"

ही अचोल का येतेय तेही मग मी काढून घेतलं. छावणीतल्या बायका त्या होणाऱ्या गिरणीवर जायला तयार नव्हत्या. राजदीपच्या लोकांनी त्यांना आमचा फोटो दाखवला: बघा, हिंदुस्थानात असं झालं, तुमच्यातही होईल. त्या म्हणाल्या, फोटोवर आमचा भरवसा नाही, आमची अचोल जाऊन बघून येईल. ती हो म्हणाली तर आम्ही नदी उतरू. म्हणजे माझ्या एका 'हो'वर त्या बायका पोरं पाठीशी बांधून वैऱ्याच्या गावात, एका दाराच्या खोलीत जाऊन बसणार होत्या. आणि राजदीप? हे जमलं तर तिकडच्या सगळ्या कामाचा साहेब होणार होता. हे त्याने सांगितलं नाही. हे साक्षीने भांडी लावताना सांगितलं.

मी पुढे काही बोलले नाही. राजदीपला वाटलं, मानलं. आईच्या गप्प बसण्याचा अर्थ ज्याला कळत नाही, त्याला परक्या बायकांच्या मनातलं काय कळणार? साक्षीला कळला. ती म्हणाली, "मी उद्या रजा नाही घेत. तुम्हीच जाऊन या."

दुसऱ्या दिवशी हिरवी नऊवारी पेटीतच राहिली.

अचोलला हॉटेलातून घेतलं आणि अमळनेरवरून गावाकडे निघालो. बाई उंच, शिडशिडीत, गाडीत तिचे गुडघे पुढच्या सीटला टेकत होते. माझ्याशेजारी बसली. हसून बोलून वेळ घालवणाऱ्यातली नव्हती, ते मला आवडलं. सगळा रस्ता बाहेर बघत होती. एका ठिकाणी ज्वारीचं शेत लागलं तेव्हा तिने काचेवर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघून काहीतरी विचारलं. तिच्याकडेही ज्वारीच खातात, राजदीप म्हणाला. मी तिला हाताने भाकरी थापून दाखवली. तिने मान हलवली आणि हवेत कढई ढवळून दाखवली. म्हणजे ते घोटून खातात. एवढं आमचं राजदीपशिवाय झालं. नंतर तिने काही विचारलं की राजदीपच पुढून उत्तर द्यायचा, मला न विचारताच.

कोंडवाड्यापाशी उतरले आणि माझं डोकं फिरलं.

आत सतरंज्या अंथरलेल्या. आमच्या बायका, मोहल्ल्याच्या बायका, एक आड एक बसवलेल्या, दाताच्या डॉक्टरकडे बसतात तशा तोंड आवळून. मागच्या भिंतीवर ही एवढी मोठी फ्लेक्स, छापून आणलेली, तिच्यावर तोच फोटो. आणि फ्लेक्स लावली कुठे? बरोबर मेहरुनच्या दारावर. दार झाकून टाकलं. मोहल्ल्याच्या बायकांना त्यामुळे आमच्या वस्तीतून वळसा घालून यावं लागलं होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मेहरुन कोपऱ्यात मशीनला टेकून उभी होती. तिच्या मुलाला, शेहजादला, राजदीपने कांडपासाठी मोठ्या मोटरीचं कबूल केलं होतं म्हणून ती आली होती, पण तिच्या नाकपुड्या मला लांबून दिसल्या. डोक्यावर तिची ती जेद्दाहची शाल. नवरा तिकडे ड्रायव्हर होता, ही काही वर्षं त्याच्याबरोबर राहून आली, तेव्हापासून गावात सगळ्यांपेक्षा एक बोट वर चालते.

"मशीन वं," मेहरुन म्हणाली, मला ऐकू जाईल एवढ्याने, "आज मनं दार गायब व्हयनं. कोना पोऱ्यानं कयं, सांग बरं."

मी राजदीपकडे बघितलं.

राजदीपने खूण केली. अचोलने मला प्रश्न विचारला, राजदीपने मराठीत सांगितला: भांडण कसं होतं?

मी उभी राहिले. मी सांगितलं. गटार, दगड, दुकान जळालं ते. म्हणाले, "माझ्या गिरधरचा डोळा फुटला. आईच्या पदरात रक्त घेऊन तो दवाखान्यात गेला."

राजदीपने इंग्रजीत सांगितलं. आणि अचोल हसली. छान, मायेने हसली.

डोळा फुटला, आणि बाई हसली. मला इंग्रजी येत नाही, पण हसू कुठे यावं आणि कुठे येऊ नये एवढं कळतं. मी पुढे म्हणाले, "आम्ही एकमेकींचं तोंड बघत नाही." राजदीप बोलला. अचोलने दोन्ही हात छातीशी नेले.

"राजदीप, तू काय सांगतोयस तिला?"

"तू सांगतेस तेच. जरा नीट करून."

तेवढ्यात, कुणाला अक्कल सुचली देव जाणे, दाखवायचं म्हणून त्याने मशीन चालू करायला लावलं. आत घमेलंभर मिरची होती. मुसळं खालीवर व्हायला लागली, दार एकच उघडं, तिखट उडालं ते सगळं खोलीत कोंडलं. आम्ही पदर नाकाला लावला. अचोलला सवय नाही. बाई शिंकते, खोकते, डोळे पुसते. घसा धरून ओरडली, "मोया! मोया!"

राजदीप पिशवीत बाटली शोधत होता. मेहरुनने एका हाताने मशीन बंद केलं आणि दुसऱ्या हाताने आपल्या तांब्यातलं पाणी तिच्या तोंडाशी धरलं.

अचोल प्यायली. मग तांब्याआडून मेहरुनकडे बघितलं आणि काहीतरी म्हणाली, इंग्रजी नव्हतं. मेहरुनने त्याला उत्तर दिलं. अचोलचे डोळे मोठे झाले.

मोया म्हणजे पाणी. अरबीत. हे मला नंतर कळलं. अचोलच्या देशात लोक एक मोडकीतोडकी अरबी बोलतात, बाजारातली. मेहरुनची अरबीही जेद्दाहच्या बाजारातलीच, भाजीवाल्याशी घासाघीस करण्यापुरती. दोन मोडक्या भाषा एकमेकींना टेकून उभ्या राहिल्या.

राजदीपचा चेहरा उतरला. "मेहरुनचाची, तुमचं तिला नीट कळणार नाही. मी आहे ना."

आता माझ्यापुढे प्रश्न होता. मला मेहरुनला विनवायचं होतं. मेहरुनला! मी माझ्या नवऱ्याला कधी विनवलं नाही. पण ती उंच बाई तांब्या धरून उभी होती, आणि तिच्या मागे मला नदी उतरणाऱ्या बायका दिसत होत्या, ज्यांना मी कधी बघितलं नाही.

मी मशीनकडे तोंड केलं. "मशीन, तिले सांग. जे खरं शे ते या बाईले सांगी दे. गिरधरना डोया. तुनं दुकान. बठ्ठं."

मेहरुनने आधी मशीनचं तोंड सावकाश पुसलं. तो हक्क तिचा होता. मग म्हणाली, "मशीन, तिले इचार, दुकान कोणी जाळं तेबी सांगू?"

"सांग," मी म्हणाले. "अन् दगड कोणी मारा तेबी."

मग ती सांगायला लागली. शब्द कमी पडले की हात वापरायची. डोळ्यावर तळवा आपटला: गिरधर. बोटं फडफडवली: आग. माझ्या चार शब्दांचं तिने पुराण केलं; त्यात माझी बदनामी किती होती ते तिचं तिला ठाऊक. राजदीप मधे मधे इंग्रजीत बोलायला जायचा, अचोल त्याच्याकडे न बघता हाताने थांबवायची. तिचं हसू कधीच गेलं होतं. आता तिचा चेहरा आमच्यासारखा दिसायला लागला.

"बाब," मेहरुन म्हणाली, म्हणजे दार, आणि दोन बोटं दाखवली. अचोलने खोलीत बघितलं. दार एकच. तिने एक बोट वर केलं.

मेहरुन फ्लेक्सपाशी गेली. एक कोपरा तिने धरला, वरचा खिळा तिच्या हाताला येईना. मी दुसरा कोपरा धरला. आम्ही एकमेकींकडे बघितलं नाही. ओढलं तशी फ्लेक्स टर्रकन फाटून खाली आली, आणि मागे तिचं दार. मेहरुनने कडी काढली. मोहल्ल्यातला उजेड आत आला, एक कोंबडी आत आली.

अचोल त्या दारातून बाहेर गेली, वळसा घालून आमच्या दारातून आत आली. परत गेली. चौकटीला हात लावला. मग चावीचं विचारलं. ते सांगायला अरबी पुरेना, म्हणून आम्ही करून दाखवलं. मी मशीनला कुलूप लावलं, चावी कट्ट्यावर ठेवली, वळणाआड गेले. तिथून डोकावले तर मेहरुन शालीचा पदर सावरत राणीसारखी चालत आली आणि चावी उचलली. मोहल्ल्याच्या बायका हसल्या, आमच्याही हसल्या. अचोल हसली नाही. ती चावी बघत होती.

आत आल्यावर तिने मेहरुनला विचारलं आणि मेहरुनने मशीनला सांगितलं: "ती म्हणस, तुम्ही आते मैत्रिणी शेतस का?"

"नही," मी म्हणाले.

"नही," मेहरुन म्हणाली. एवढ्या एका गोष्टीवर आमचं एकमत.

मग अचोल राजदीपकडे वळली. त्याच्याशी ती इंग्रजीत बोलू शकली असती, पण ती सगळ्यांना कळेल असं, मेहरुनमार्फत बोलली. मेहरुनने ते मराठीत सांगितलं, आमच्या खानदेशीत नाही, कोर्टात साक्ष देतात तसं. "ती म्हणते, यांच्याकडे दोन दारं आहेत. मग आम्हाला एक का? ती म्हणते, तिची बहीण त्या गिरणीकडच्याच वाटेने पाण्याला गेली होती, परत आली नाही. त्या खोलीत बायका बसल्यावर कुणी बाहेरून दार धरलं, तर बाहेर कुठून पडायचं? हे तुमच्या आराखड्यात कुठे लिहिलंय?"

राजदीपने पिशवीतून लॅपटॉप काढला, उघडला आणि तसाच मिटला.

अचोल म्हणाली, ती परत जाऊन सांगणार: दोन दारं, दोन वेळा, आणि चावी हातात नाही, खाली ठेवायची. तसं असेल तर नदी उतरू. नाहीतर नाही. मग मेहरुनच्या तांब्यातलं उरलेलं पाणी ती तिला विचारून प्यायली आणि गाडीत जाऊन बसली.

बायका सतरंज्या गुंडाळायला लागल्या. आमच्याकडच्या आमच्या दारातून, त्यांच्याकडच्या त्यांच्या दारातून गेल्या. मेहरुन मात्र आपल्या उंबऱ्यावर थांबली, तमाशा बघायला. मी तिला हाकललं नाही. दार तिचं होतं.

राजदीप माझ्यासमोर आला. डोळे लाल, आता मिरचीने की कशाने. "झालं समाधान? माझी अब्रू काढलीस, ते जाऊ दे. आता ते पैसे देणारे सगळं बंद करतील. दोन दारांची गिरणी होणार नाही, आई, गिरणीच होणार नाही. तिथल्या बायका ज्वारी दगडावर रगडत बसतील. अजून एक वर्ष, दोन वर्षं. ते तुझ्यामुळे."

ते मला लागलं. खोटं सांगत नाही. मी जातं ओढलंय, पोटात तू असताना ओढलंय, हे त्याला सांगावंसं वाटलं. कुणाच्या हातचं पीठ आपण काढून घेतलं असेल, ही गोष्ट लहान नाही. कदाचित तो म्हणतो तसंच होईल. मला काय माहीत, ती माणसं मी बघितली नाहीत.

पण माझा मुलगा मी बघितलाय. मी कमरेला पदर खोचला आणि मेहरुनला ऐकू जाईल अशा आवाजात त्याला म्हणाले:

"रगडू दे. रगडणारी बाई संध्याकाळी आपल्या पोरांजवळ तरी असते. राजदीप, तू न कळून चुकला असतास तर आत्ता तुझ्यासाठी मी त्या बाईचे पाय धरले असते, भर गल्लीत. तू कळून केलंस. ती मेहरुन उभी आहे बघ. मरेपर्यंत माझी वैरीण. पण माझं दुःख विकून ती मोठी झाली नाही. ते तू केलंस, अन् वरून मला लुगडं नेसवायला निघालास. घरी ये, जेव, झोप, तू माझाच आहेस, ते काही मोडत नाही. पण परक्या बायकांनी कुठे बसावं, कुठल्या दाराने जावं, हे ठरवायचं काम तुझ्या हाती नको. जा, गाडीत बस तिच्याशेजारी, अन् तिच्यादेखत तुझ्या साहेबाला फोन लावून सांग, मी खोटं लिहिलं होतं. एवढं जमत नसेल तर नोकरी सोड आणि इथे येऊन मिरच्यांचे देठ खूड. कारण देश उभा करायच्या लायकीचा तू नाहीस."